हायब्रिड मोटारीचे बदली टायर

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन्ही शक्तींवर चालणाऱ्या मोटारीचे कारखान्यातून बसवून आलेले टायर झिजल्यावर, फुटल्यावर किंवा वयोमानाने निकामी झाल्यावर त्यांच्या जागी जे टायर बसविले जातात, त्यांना हायब्रिड मोटारीचे बदली टायर असे म्हणतात. अशा मोटारीसाठी टायरचा कोणताही स्वतंत्र कायदेशीर प्रकार नाही. साध्या पेट्रोल मोटारीला चालणारा, योग्य मापाचा व योग्य भारक्षमतेचा टायर तिलाही चालतो. तरीही निवड करताना काही गोष्टी वेगळ्या ठरतात. मोटार कमी इंधन खाते म्हणूनच ती विकत घेतलेली असते आणि चुकीचा टायर तो फायदा मोठ्या प्रमाणात खाऊन टाकू शकतो. उलट, केवळ इंधनाकडे पाहून घेतलेला टायर पावसाळ्यात घाटात धोकादायक ठरू शकतो. महाराष्ट्रात हा पेच सर्वाधिक जाणवतो तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे त्यांपैकी दोन असून, कर्जत रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावसारख्या वस्त्यांतून निघालेली मोटार एकाच दिवसात गावातला खड्ड्यांचा रस्ता, द्रुतगती मार्गाचे काँक्रीट आणि बोरघाटाचा उतार अशा तिन्ही रस्त्यांवरून जाते.

पार्श्वभूमी

जगातील पहिली मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली हायब्रिड मोटार टोयोटा प्रियस ही डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. मात्र आयात मोटारींच्या किमतीमुळे दोन्हींचा प्रसार मर्यादित राहिला. मारुती सुझुकीने २०१५ मध्ये सियाझ मोटारीत सौम्य हायब्रिड यंत्रणा दिली. तीत विद्युत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. चाके एकटी फिरवीत नाही. काही अंतर केवळ विजेवर धावू शकणाऱ्या मोटारी, ज्यांना बाजारात ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात, मध्यमवर्गीय ग्राहकापर्यंत पोहोचल्या त्या २०२२ मध्ये. त्या वर्षी होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा आणि वर्षाच्या अखेरीस टोयोटा इनोव्हा हायक्रॉस सादर झाल्या. सर्वसाधारण वापरात मोटारीचे पहिले टायर तीन ते पाच वर्षे टिकतात, असे धरले तर या मोटारींच्या मालकांपुढे बदली टायरचा प्रश्न प्रथमच मोठ्या संख्येने उभा राहिला आहे.

टायरच्या बाजूनेही एक समांतर इतिहास आहे. टायरच्या रबरात भर म्हणून पूर्वी जवळजवळ केवळ काजळी वापरली जाई. तिच्या जागी सिलिका वापरून लोटनरोध कमी करता येतो आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकवता येते, हे फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या टायरांनी दाखवून दिले. ‘हिरवे टायर’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. टायरचा रंग अर्थातच काळाच राहिला. आज हायब्रिड मोटारींना कारखान्यातून मिळणारे बहुतेक टायर याच घराण्यातले आहेत.

लोटनरोध आणि इंधन

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग सतत दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. या दबण्या-उठण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे चाकाला होणाऱ्या विरोधास लोटनरोध म्हणतात. विक्रेते ‘रोलिंग रेझिस्टन्स’ हाच शब्द वापरतात. तो प्रति टन भारामागे किती किलो बळ लागते या मापात सांगितला जातो. युरोपीय महासंघाच्या लेबलपद्धतीत मोटारीच्या टायरचा लोटनरोध ६.५ किंवा त्याहून कमी असल्यास त्यास ‘ए’ वर्ग मिळतो आणि १०.६ किंवा अधिक असल्यास ‘ई’ वर्ग.

या आकड्यांचा खिशाशी असलेला संबंध साध्या हिशेबाने कळतो. माणसांसह १,५०० किलो वजनाची मोटार घेतली आणि टायरचा लोटनरोध प्रति टन ७ किलो असला, तर केवळ टायर लोटण्यासाठी दर १०० किलोमीटरला सुमारे २.९ किलोवॉट-तास ऊर्जा चाकांपाशी लागते. लोटनरोध १० किलो असल्यास हीच गरज सुमारे ४.१ किलोवॉट-तास होते. इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या आसपास धरली तर हा फरक दर १०० किलोमीटरला सुमारे ०.४ लिटर पेट्रोलचा भरतो. लिटरला २२ किलोमीटर जाणारी हायब्रिड मोटार एवढ्या अंतराला साधारण साडेचार लिटर पेट्रोल पिते. म्हणजे खर्च जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढतो. टायरचे आयुष्य ४०,००० किलोमीटर धरल्यास जादा पेट्रोल सुमारे १६० लिटर होते. चार स्वस्त टायर घेताना वाचलेली रक्कम या १६० लिटरच्या किमतीशी ताडून पाहिल्यास अनेकदा स्वस्त टायर महाग पडतो. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या २००६ मधील अहवालातही लोटनरोध १० टक्क्यांनी घटल्यास इंधनक्षमता १ ते २ टक्के सुधारते, असा निष्कर्ष आहे.

हाच टायर कमी मायलेज देणाऱ्या जुन्या मोटारीला लावला तर लिटरमधला तोटा फारसा कमी होत नाही, पण टक्क्यांत तो किरकोळ दिसतो. हायब्रिड मोटारीत मुळात खर्च कमी असल्याने तोच तोटा ठळकपणे नजरेत भरतो. ‘टायर बदलले आणि मायलेज पडले’ ही या मोटारींच्या मालकांची नेहमीची तक्रार असते.

मात्र या तक्रारीतला काही भाग भासमान असतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि जाड रबर अधिक ऊर्जा खाते. त्यामुळे अगदी त्याच कंपनीचा तोच टायर पुन्हा घेतला तरी झिजलेल्या टायरच्या तुलनेत सुरुवातीला मायलेज थोडे कमी मिळते. दुसरे कारण अंतरमापकाचे आहे. ६९० मिलिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी ६ मिलिमीटरने झिजली की व्यास १२ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे १.७ टक्क्यांनी घटतो. झिजलेले चाक त्याच अंतरात अधिक फेरे घेते आणि अंतरमापक जास्त किलोमीटर दाखवतो. नवे टायर बसताच ही फुगलेली बेरीज नाहीशी होते. नव्या टायरांचा निवाडा पहिल्या दोन टाक्यांवरून करू नये, तो दोन-तीन हजार किलोमीटरनंतर करावा, असे म्हणतात ते यामुळेच.

ओल्या रस्त्यावरील पकड

टायरच्या तीन गुणांत एक जुने भांडण आहे: कमी लोटनरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा. एक वाढवला की उरलेल्यांपैकी एखादा घटतो. सिलिकाने हे भांडण पुष्कळ सौम्य केले, पण मिटविले नाही. कमी लोटनरोधाचा स्वस्त टायर ओल्या रस्त्यावर कमजोर असण्याची शक्यता अधिक असते, कारण दोन्ही गुण एकत्र आणणारे रबर महाग पडते.

पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागणे हा निराळा धोका आहे. नक्षीतल्या खाचा पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात. त्या बुजल्या की पाण्याचा पातळ थर टायर व रस्ता यांच्यामध्ये शिरतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही काही क्षण निरुपयोगी होतात. अमेरिकेच्या नासा संस्थेत १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर झालेल्या प्रयोगांतून या वेगाचे एक सोपे सूत्र निघाले: टायरमधील हवेच्या दाबाच्या (पीएसआयमध्ये) वर्गमुळाला ९ ने गुणल्यास येणारा आकडा म्हणजे नॉटमधील वेग. ३३ पीएसआय दाबाच्या गुळगुळीत टायरसाठी तो ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो आणि दाब २८ पीएसआयवर आला असल्यास सुमारे ८८. मोटारीच्या टायरला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही; चांगल्या नक्षीचा टायर याहून अधिक वेगाला तग धरतो. तरीही मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीच्या भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, हे लक्षात घेता गोटा झालेला टायर व कमी हवा यांचा मेळ मुसळधार पावसात काय करू शकतो याची कल्पना येते.

भारतातील नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. हा कायद्याचा किमान आकडा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर ३ मिलिमीटरच्या खाली झपाट्याने वाढू लागते. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस ज्या टायरची नक्षी ३ मिलिमीटरवर आली आहे, तो पावसाळा काढण्यास पुरेसा समजू नये. कोकणपट्टीत टायर बदलण्याचा योग्य काळ दिवाळी नसून मृगापूर्वीचा पंधरवडा आहे.

कर्जत आणि खालापूर परिसर

कर्जत तालुक्यात वार्षिक पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उन्हाळा तितकाच कडक असतो. सह्याद्रीच्या कुशीतला हा आतला रायगड समुद्राच्या वाऱ्यापासून तुटलेला आहे. याच जिल्ह्यातील भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले गेले होते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या टायरला दोन्ही ऋतू सोसावे लागतात. भिसेगाव व दहिवलीच्या बाजूने स्थानकावर येऊन मोटार दिवसभर ठेवणारे व लोकलने मुंबईस जाणारे नोकरदार, तसेच केवळ शनिवार-रविवारी वापर होणारी शेतघरे यांमुळे येथे कमी धावणाऱ्या पण उन्हात भरपूर उभ्या राहणाऱ्या मोटारी पुष्कळ आहेत. अशा मोटारींचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत दिसते, पण कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि रबर कडक झालेले असते. पावसातली पकड अशा टायरमध्ये उरलेली नसते, हे केवळ नक्षी पाहून कळत नाही.

परिसरातील रस्ते एकसारखे नाहीत. शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८ ए, कर्जतहून चौककडे जाऊन जुन्या मुंबई–पुणे महामार्गाला मिळणारा रस्ता, नेरळ–कल्याण रस्ता आणि वाडीवस्त्यांना जोडणारे अरुंद ग्रामीण रस्ते, या सर्वांवर पावसाळ्यात खड्डे पडतात. उंची कमी असलेल्या बारीक कडेच्या टायरला, म्हणजे ज्याच्या मापात दुसरा आकडा ५० किंवा ५५ आहे त्याला, खड्ड्याचा मार रिमपर्यंत बसतो आणि कडेला फुगवटा येतो. फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही. इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या श्रेणीत २२५/५० आर१८ मापाचे टायर येतात. ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांच्या हायब्रिड श्रेणींत २१५/६० आर१७. येथील रस्त्यांवर दुसरे माप अधिक सोशिक आहे यात शंका नाही, पण मालकाला निवड असते ती मोटार घेतानाच, नंतर नाही.

नेरळहून माथेरानच्या वेशीवरील दस्तुरी नाक्यापर्यंत जाणारा घाट तीव्र चढाचा व अवघड वळणांचा आहे. त्यापुढे माथेरानात मोटारींना बंदी आहे. चढावर मोटारीचा भार मागच्या चाकांकडे सरकतो, तर भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्ट्राँग हायब्रिड मोटारींना शक्ती मिळते ती पुढच्या चाकांतून. विद्युत मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ देते. ओल्या चढावर वळणात थांबून पुन्हा निघताना पुढची चाके जागच्या जागी फिरतात, आणि ती किती फिरतील हे मुख्यतः टायरवर ठरते. घसरण-नियंत्रण यंत्रणा शक्ती कमी करू शकते, पकड निर्माण करू शकत नाही.

बोरघाट उतरताना गोष्ट उलटी होते. हायब्रिड मोटार उतारावर विद्युत मोटरला जनित्रासारखी चालवून बॅटरी भरते आणि त्यायोगे ब्रेकही लागतो. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतचा उतार साधारण ५०० मीटर उंचीचा आहे. १,५०० किलोची मोटार तेवढी खाली येताना सुमारे दोन किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही टायर आणि वारा खातात, पण ग्रँड व्हिटाराच्या वर्गातील मोटारीची बॅटरी एक किलोवॉट-तासापेक्षाही लहान असते आणि ती बहुधा निम्मी भरलेलीच असते. परिणामी घाट अर्धाअधिक उरला असतानाच बॅटरी भरते आणि पुढचे काम इंजिनाचा अडथळा व नेहमीचे घर्षण-ब्रेक यांच्यावर येते. चालकाने गिअरदांड्यावरील ‘बी’ स्थिती वापरली नाही तर ब्रेकच्या चकत्यांची उष्णता रिमला व तेथून टायरला पोहोचते. हायब्रिड मोटारीला घाटात ब्रेक तापत नाहीत ही समजूत म्हणूनच अर्धसत्य आहे.

स्थानिक निवडीचा निष्कर्ष या सर्वांतून निघतो. दिल्लीच्या किंवा विदर्भाच्या कोरड्या सपाटीवर लोटनरोधाला पहिले स्थान देणे समर्थनीय आहे. कर्जत–खालापुरात ओली पकड पहिली, कडेची मजबुती दुसरी आणि लोटनरोध तिसरा, असा क्रम धरणे अधिक शहाणपणाचे ठरते. दोन टायरांतील इंधनाचा फरक तीन-चार टक्क्यांचा असेल तर तो घाटातल्या एका वळणापुढे गौण आहे.

भार, झीज आणि आवाज

बॅटरी, विद्युत मोटर व विद्युत नियंत्रक यांमुळे हायब्रिड मोटार आपल्या पेट्रोल भावंडापेक्षा जड असते. होंडा सिटीत हा फरक शंभर किलोहून अधिक आहे. पूर्ण विद्युत मोटारीइतका हा बोजा नसतो. त्यामुळे ‘खास विद्युत मोटारीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग टायरांची हायब्रिड मोटारीला गरज नसते. ते बसविल्याने अपाय नाही, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारणही नाही. भारांक मात्र मूळ टायरच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा.

पुढची चाके ओढतात, वळवतात आणि ऊर्जा-पुनर्प्राप्तीचा ब्रेकही मुख्यतः त्यांच्यावरच लागतो. त्यामुळे पुढचे टायर मागच्यांच्या तुलनेत लवकर झिजतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केल्यास चारही टायर साधारण एकाच सुमारास संपतात.

केवळ विजेवर हळू जाताना इंजिन बंद असल्याने टायरचा आवाज उघडा पडतो. जो टायर जुन्या डिझेल मोटारीत शांत वाटला तोच हायब्रिडमध्ये गुणगुणतो. काही टायरांच्या आत आवाज शोषणारा फोम चिकटवलेला असतो. तो परिणामकारक आहे, मात्र गावाकडच्या पंक्चरवाल्याला तो काढून दुरुस्ती करणे जड जाते.

टायरवरील खुणा

टायरच्या कडेवर ‘२१५/६० आर१७ ९६ एच’ अशा स्वरूपाची खूण असते. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ९६ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरला ७१० किलो भार पेलतो. भारांक ९१ असता ६१५ किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादा सांगते: ‘टी’ म्हणजे ताशी १९०, ‘एच’ म्हणजे २१० आणि ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटर. या वेगाने कोणी जावे असा त्याचा अर्थ नाही. उष्णता सोसण्याची टायरची क्षमता त्यावरून समजते.

आणखी एक चार आकडी खूण लंबगोलात असते. २३२४ याचा अर्थ टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर दोन वर्षे गोदामात पडून असू शकतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी ही खूण चारही टायरांवर पाहणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे. बहुतेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा व नक्षी उरली असली तरी दहा वर्षांनंतर टायर टाकून देण्याचा सल्ला देतात. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे झीज दाखवतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटरची मर्यादा गाठली गेली.

माप बदलण्याचा मोह पुष्कळांना होतो. होंडा सिटी हायब्रिडचे १८५/५५ आर१६ हे माप सोडून त्याच रिमवर २०५/५५ आर१६ बसविल्यास व्यास सुमारे ६१० वरून ६३२ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगमापक कमी वेग दाखवू लागतो. रुंदी वाढल्याने हवेचा व रस्त्याचा रोध वाढतो आणि पाण्यावर तरंगण्याची शक्यताही वाढते. पातळ रबराच्या रुंद टायरने मोटार उठून दिसते, परंतु हायब्रिड मोटारीबाबत हा सौदा सर्व बाजूंनी तोट्याचा आहे.

नियम व मानके

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. नक्षीच्या खोलीची मर्यादा त्यातच सांगितली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. मोटारीच्या टायरना भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५६३३ हे मानक लागू असून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे परदेशी नावाचे बरेच टायर आता भारतातच तयार झालेले असतात. महाराष्ट्रात सिएटचे कारखाने भांडुप, नाशिक व नागपूर येथे, ब्रिजस्टोनचा चाकण येथे आणि गुडइयरचा छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

लोटनरोध, ओली पकड व आवाज यांच्या किमान मर्यादा ठरवणारे एआयएस-१४२ हे मानक लागू करणारी अधिसूचना जून २०२२ मध्ये निघाली. तिचा आराखडा युरोपीय नियमांशी मिळताजुळता आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची टायरसाठी ताऱ्यांची लेबलपद्धतीही आहे. हे तारे फ्रीजवरील ताऱ्यांप्रमाणे ऊर्जेच्या बचतीचे असतात. पाच तारे असलेला टायर पावसात चांगलाच असेल असे त्यावरून समजू नये. ओल्या पकडीसाठी त्या टायरच्या युरोपीय लेबलवरील वर्ग उपलब्ध असल्यास तो पाहणे उपयुक्त ठरते, मात्र त्याच नावाचा भारतीय टायर निराळ्या मिश्रणाचा असू शकतो.

जुलै २०२० मधील दुरुस्तीनुसार, हवेच्या दाबाची देखरेख करणारी यंत्रणा व ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारीस स्टेपनी बाळगण्याची सक्ती नाही. कर्जत–मुरबाड रस्त्यावर रात्री कड फाटल्यास दुरुस्ती संचाचा काहीही उपयोग होत नाही. त्यामुळे मोटारीसोबत स्टेपनी मिळाली असेल तर ती जपावी आणि तिची हवाही तपासत राहावी.

किती टायर बदलावे

चारही टायर एकदम बदलणे सर्वांत चांगले. दोनच बदलायचे तर ते एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे व एकाच धुरीवर असावेत. नवी जोडी पुढे बसवावी की मागे यावर दुकानात नेहमी वाद होतो. पुढची चाके मोटार ओढतात, म्हणून नवे टायर पुढे, हा युक्तिवाद पटणारा वाटतो. टायर उत्पादक मात्र नवी जोडी मागे बसविण्यास सांगतात. पुढची चाके घसरली तर मोटार सरळ रेटत जाते आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर मोटार गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. ओल्या वळणावर हा फरक जीवघेणा ठरतो.

ग्रँड व्हिटाराच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या सौम्य हायब्रिड श्रेणीत चारही टायरांचा घेर जवळजवळ सारखा असावा लागतो. अन्यथा पुढच्या व मागच्या धुरांना जोडणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण राहतो.

टायर बसविताना

हायब्रिड मोटार टायरच्या दुकानात उचलताना दोन काळजी घ्याव्या लागतात. मोटार ‘रेडी’ स्थितीत राहिल्यास बॅटरी उतरल्यावर इंजिन आपोआप सुरू होऊ शकते. म्हणून ती पूर्ण बंद करून चावी दूर ठेवावी. दुसरे म्हणजे मोटारीच्या तळाशी उच्च दाबाच्या नारिंगी वीजवाहिन्या किंवा त्यांची आवरणे असतात. जॅक हा निर्मात्याने दाखविलेल्या ठिकाणीच लावावा, वाटेल त्या पट्टीखाली नव्हे. मोटार ओढून न्यायची वेळ आल्यास पुढची चाके जमिनीवर फिरू देऊ नयेत, कारण त्यांच्याबरोबर विद्युत मोटर फिरून वीज निर्माण करू शकते. सपाट गाडीवर चढवून नेणे सुरक्षित असते.

नव्या टायरसोबत झडप बदलून घ्यावी. दाब मोजणारा संवेदक झडपेला जोडलेला असल्यास टायर उतरवताना तो तुटण्याची शक्यता असते, तेव्हा कारागिरास आधीच सांगितलेले बरे. बॅलन्सिंग व अलाइनमेंट झाल्यावर दाबाची यंत्रणा नव्याने जुळवावी लागते. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, विशेषतः पावसात, सबुरीने चालवावे.

हवेचा दाब

चांगला टायर कमी हवेवर वाईट टायर होतो. हवा कमी असता टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि इंधनही अधिक जाते. द्रुतगती मार्गावर टायर फुटण्याच्या घटनांत लोक काँक्रीटला दोष देतात. कमी हवा, जादा भार व जुने रबर यांचा वाटा त्यात मोठा असतो. उन्हाळ्यात हवा कमी भरावी हा प्रचलित सल्ला म्हणूनच उलटा आहे. दाब थंड टायरमध्ये, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, मोटारीच्या दारावरील तक्त्यानुसार भरावा. प्रवासात तो चार-पाच पीएसआय वाढणे अपेक्षितच आहे आणि तक्ता करणाऱ्याने ते गृहीत धरलेले असते.

तापमानाचा परिणाम ऋतूनुसारही दिसतो. ३३ पीएसआय दाबाच्या टायरमध्ये २५ अंशांच्या फरकाने सुमारे चार पीएसआय दाब बदलतो. मे महिन्यात दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे तितकी कमी भरते. नायट्रोजन भरल्याने हे टळते असे सांगितले जाते, पण तापमानाने प्रसरण पावण्यात कोरडी हवा व नायट्रोजन यांत व्यवहारात फरक नाही; साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन किंचित हळू गळतो, एवढाच त्याचा फायदा आहे.

किंमत आणि विमा

सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाहन विम्याच्या सर्वसाधारण अटींनुसार टायरच्या भरपाईतून ५० टक्के घसारा वजा होतो, आणि मोटारीच्या अन्य भागाला इजा न होता केवळ टायर फाटला असेल तर भरपाई मिळत नाही. खड्ड्याने गेलेला टायर हा जवळजवळ नेहमीच मालकाच्या खिशातून जातो.

वापरलेले टायर स्वस्तात मिळतात. त्यांचा इतिहास अज्ञात असतो. आतून चिकटवलेली ठिगळे व पुन्हा कोरलेली नक्षी बाहेरून दिसत नाही. मोटारीच्या पुन्हा कोरलेल्या टायरमध्ये खाच खोल दिसते, पण तळाचे रबर तेवढेच पातळ झालेले असते.

काढलेल्या टायरांचे काय होते

जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने घातक कचराविषयक नियमांत दुरुस्ती करून टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर टाकली. प्रत्यक्षात दुकानात उरलेले टायर भंगारवाल्याकडे जातात. काहींचा भुगा होतो, काही सिमेंट भट्ट्यांत जळतात, तर काही तापवून त्यांपासून तेल काढले जाते. या शेवटच्या उद्योगातून होणारे प्रदूषण व स्फोटांमुळे पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका वारंवार चर्चेत आला आहे. कोकणातील बंदरांवर जुने टायर होड्यांच्या कडेला धक्का झेलण्यासाठी बांधतात. घराच्या परसात उघड्यावर पडलेल्या टायरमध्ये मात्र पावसाचे पाणी साचते आणि त्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. जागा हवीच असेल तर तो आडोशाला ठेवावा किंवा त्यास भोके पाडावीत. टायर बदलतेवेळी जुने टायर दुकानातच सोडून देणे, हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे.